पावसाळाभर गावी उभी राहणारी गाडी: सर्व्हिसिंग मृगाआधी की गणपतीआधी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबाची २०१७ सालची छोटी पेट्रोल गाडी राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीजवळच्या घरी कायम ठेवलेली असते. आपण सर्वजण रेल्वेने ये-जा करता आणि गाडी गणपती, दिवाळी, शिमगा व मे महिना एवढ्या वेळीच, वर्षाकाठी जेमतेम १,८०० किलोमीटर चालते. मागचे सर्व्हिसिंग होऊन चौदा महिने झाले, त्यानंतर गाडी २,१०० किलोमीटर चालली आणि डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल अजून सोनेरी दिसते. कॅनडात असलेले आपले बंधू म्हणतात की हिवाळाभर बंद ठेवलेली गाडी तिकडे बाहेर काढताना सर्व्हिसिंगला देतात, म्हणून आपणही ते गणपतीआधी करावे. गावातला पुतण्या पावसाळ्यात दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करतो, म्हणून गाडी चांगली राहते असेही आपण लिहिले आहे. अशा स्थितीत सर्व्हिसिंग आता मेअखेरीस करावे, गणपतीआधी करावे, की १०,००० किलोमीटर होईपर्यंत थांबावे?

माझे उत्तर असे की ऑइल आताच, मृग लागण्यापूर्वी बदलावे, आणि गणपतीआधी गाडीची स्वतंत्र तपासणी करावी, जिच्यात ऑइल बदलण्याची गरज नाही. राजापूर-लांजा भागात गेली सव्वीस वर्षे गाड्या दुरुस्त करताना माझ्या लक्षात आले आहे की या प्रश्नातली खरी अडचण तारखेची नसते. ‘सर्व्हिसिंग’ या एकाच शब्दात आपण दोन निराळी कामे कोंबतो. गाडी उभी करण्यापूर्वी जी कामे व्हायला हवीत ती एक, आणि उभी राहिल्यामुळे जे बिघडले असेल ते शोधण्याचे काम दुसरे. ही दोन्ही कामे एकाच दिवशी करायला गेले की त्यातले एक हमखास चुकीच्या वेळी होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल, तर पुस्तिकेतली तारीख पाळावी लागते, मग ती जुलैत येवो की डिसेंबरात. घरात कोणी गाडी चालवणारे असेल आणि दर पंधरा दिवसांनी ती तीस-चाळीस किलोमीटर नीट धावत असेल, तर ती साठवलेली गाडीच नव्हे, आणि पुढचे बरेचसे तिला लागू होत नाही. डिझेल गाडीत इंधनात पाणी साचण्याचा प्रश्न मोठा असतो, म्हणून उभी करण्यापूर्वी डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडून घ्यावे. गाडी कोब्यावर उभी आहे की मातीत, खाडीपासून किती अंतरावर आहे, यानेही फरक पडतो. आपली गाडी वॉरंटीबाहेरची, पेट्रोलवर चालणारी आणि खाऱ्या हवेत असलेली आहे, असे धरून मी लिहीत आहे.

पुस्तिकेत बहुधा ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. लोक यातला पहिला अर्धा भाग वाचतात. जी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, तिच्यासाठी पहिल्या भागाला अर्थच उरत नाही. तिचे सगळे हिशेब दिनदर्शिकेवर चालतात. त्यातही हे किलोमीटर कसे झाले हे पाहायला हवे. गणपतीत बाजारात जाऊन येणे, पाहुण्यांना आणायला राजापूर रोड स्थानकावर जाणे, वाडीत आरतीला जाणे, देवळात जाणे, असा तो प्रवास असतो. चार-पाच किलोमीटरच्या फेरीत रेडिएटरमधले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गरम होते आणि तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा थोडा अंश पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो आणि त्याबरोबर न जळलेले पेट्रोल व आम्लधर्मी घटकही जातात. ऑइल पुरेसे आणि पुरेसा वेळ तापले, तर पाणी व पेट्रोल उडून जाते. नाही तापले, तर ते तिथेच राहते. म्हणून कमी चाललेल्या गाडीचे ऑइल कमी वापरले गेले असे समजणे चुकीचे आहे. ते अधिक कठीण परिस्थितीत वापरले गेलेले असते.

रंगावरून याचा अंदाज येत नाही. आम्लांना निष्प्रभ करण्यासाठी ऑइलमध्ये जी द्रव्ये घातलेली असतात ती संपत आली तरी पेट्रोल इंजिनातले ऑइल सोनेरी दिसू शकते. त्यापेक्षा ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे मलईसारखा पिवळट-पांढरा थर दिसला, तर इंजिनात ओलावा साचत आहे. हा थर फक्त झाकणापुरता असेल, तर तो लहान फेऱ्यांचा परिणाम समजावा. पण डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ दिसत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे आणि तेव्हा इंजिन चालू न करता मेकॅनिकला बोलवावे.

आता मुख्य मुद्दा. मे महिन्याच्या वापरानंतर ओलावा आणि आम्ल साठलेले ऑइल तसेच ठेवून गाडी उभी केली, तर इंजिनाचे बेअरिंग आणि इतर घासणारे भाग जूनपासून गणपतीपर्यंत त्याच ऑइलच्या संगतीत राहतात. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ साली २७ ऑगस्टला, म्हणजे गाडी सुमारे ऐंशी ते शंभर दिवस हलत नाही. ज्या काळात स्वच्छ ऑइलचा सर्वाधिक उपयोग असतो नेमका तोच काळ जुन्या ऑइलमध्ये घालवायचा आणि मग गणपतीच्या आठवड्यात नवे भरायचे, यात खर्च तेवढाच होतो आणि संरक्षण मिळत नाही. सुरुवातीची बरीच वर्षे मीही गणपतीआधीच ऑइल बदलून देत असे, कारण गिऱ्हाईक तेव्हाच गावी येते. पुढे अशाच कमी चाललेल्या दोन गाड्यांची इंजिने उघडण्याची वेळ आली आणि टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, साचलेला चिखलासारखा काळा थर पाहिल्यावर मी माझी पद्धत बदलली. तेव्हापासून माझ्याकडच्या चाकरमान्यांच्या गाड्यांचे ऑइल रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या पुढे आणि मृगाच्या आत बदलले जाते. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून मगच उभी करावी, म्हणजे नवे ऑइल सर्वत्र फिरते आणि जुन्याचा उरलेला अंश त्यात विरून जातो. महागडे ऑइल घातल्याने एक वर्षाची दोन वर्षे होत नाहीत. पुस्तिकेतल्या दर्जाचे, छोट्या इंजिनाला लागते तेवढे तीन-साडेतीन लिटर पुरेसे आहे.

आपल्या बंधूंचे म्हणणे त्यांच्या हवेत चुकीचे नाही. तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, कूलंट गोठण्याची भीती असते, उतरलेली बॅटरी थंडीने फुटू शकते, आणि म्हणून बाहेर काढताना गाडी तपासून घेण्याला महत्त्व आहे. पण साठवणीआधी ऑइल बदलावे असे तिकडचेही अनेक जाणकार सांगतात. आपल्याकडे मीठ रस्त्यावरून न येता हवेतून येते, आणि थंडीत ज्या रासायनिक क्रिया मंदावतात त्या इथल्या उष्ण, दमट पावसाळ्यात जोरात चालू राहतात. तिकडची गाडी तीन महिने गारठ्यात असते, आपली तीन महिने ओलाव्यात असते. त्यामुळे उभी करण्यापूर्वीची तयारी आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक काळजीने करावी लागते.

दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालू करण्याबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण हे काम लोक प्रेमाने करतात आणि त्यातून गाडीचे नुकसान होते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. छोटे इंजिन उभ्या जागी दहा मिनिटे चालले, तर सुमारे शंभर मिलिलिटर पेट्रोल जळते, म्हणजे जवळपास तेवढेच पाणी बनते. धावणाऱ्या गाडीत ते तापलेल्या सायलेन्सरमधून बाहेर फेकले जाते. उभ्या गाडीचा सायलेन्सर मागच्या भागात थंडच राहतो, तिथे वाफेचे पाणी होते आणि पत्रा आतून गंजतो. इंजिनात काय होते ते वर आलेच आहे. थंड इंजिन सुरुवातीला अधिक पेट्रोल ओढते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये धुऊन जाते, आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता यायच्या आत आपण चावी बंद करतो. पंधरा रविवार हे चालले, तर मेअखेरीस घातलेले नवे ऑइलही सप्टेंबरपर्यंत जुन्यासारखे होते. बॅटरीलाही यातून विशेष लाभ नसतो, कारण मंद गतीवर अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे, बॅटरी भरणारे जनित्र) थोडाच वीजप्रवाह देतो आणि इंजिन सुरू करताना गेलेली वीज भरून निघण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. चाके जागची हलत नाहीत, त्यामुळे ब्रेक चिकटण्याचा धोकाही तसाच राहतो.

तेव्हा पुतण्याला वाहन परवाना असेल आणि रस्ता बरा असेल, तर त्याने पंधरा दिवसांतून एकदा उघडीप पाहून गाडी निदान वीस-तीस किलोमीटर, एसी लावून, चालवून आणावी. हे सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल, तर गणपतीपर्यंत इंजिनाला हातही लावू नये. या दोहोंच्या मधला मार्ग सर्वांत वाईट.

इंजिन चालू करायचे नाही म्हटल्यावर बॅटरीची सोय करावी लागते. गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, संगणक यांना थोडी वीज लागते. ती तीस मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने पंचवीस दिवसांत अर्धी होते आणि अठ्ठेचाळीस-पन्नास दिवसांत संपते. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. गणपतीत ‘बॅटरी गेली’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकांची बॅटरी जुनी नसते, केवळ जोडलेली राहिलेली असते. म्हणून गाडी उभी करताना ऋण टर्मिनल सोडवून ठेवावे, दोन्ही टर्मिनल पुसून त्यांना पेट्रोलियम जेली लावावी. त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहावे, आणि दरवाजा चावीने उघडतो याची खात्री करावी, कारण बॅटरी सुटल्यावर रिमोट चालणार नाही. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जर लावून ठेवण्याची पद्धतही चांगली आहे, परंतु पावसाळ्यात गावची वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्याने मी तिच्यावर विसंबत नाही.

ब्रेककडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथे आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरडे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. अणुस्कुरा घाटातून भरल्या गाडीने खाली उतरताना सतत ब्रेक दाबले गेले, तर असे ऑइल उकळून वाफ धरते आणि पायाखालचे पेडल एकाएकी पोकळ लागते. म्हणून किलोमीटर कितीही कमी असोत, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ते २०१७ पासून बदललेच नसेल, तर या खेपेला इंजिन ऑइलच्या आधी ते करून घ्यावे.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये. दमट हवेत मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे ब्रेक शूवरचे घासणारे अस्तर, चाकाच्या ड्रमला चिकटतात. काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी एका गृहस्थांनी चाक सुटत नाही म्हणून जोर देऊन गाडी मागे-पुढे केली, तेव्हा लायनर शूपासून उखडून ड्रममध्ये अडकले आणि मूर्ती आणण्यासाठी त्यांना रिक्षा बोलवावी लागली. गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा जांभ्या दगडाचे तुकडे लावावेत.

जागेविषयीही सांगायला हवे. मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, किंवा पत्र्याच्या शेडमध्ये गाडी ठेवतात, आणि त्याच ठिकाणी पावसाळ्यासाठी सरपण, पेंढा, सुपारी, खताची पोती भरून ठेवतात. पेंढा आणि सुपारी म्हणजे उंदरांना आमंत्रण. एअर फिल्टरच्या डब्यात सोललेल्या सुपारीच्या सालींचे घरटे मी अनेकदा काढले आहे, आणि वायरिंग कुरतडल्याचा खर्च कोणत्याही सर्व्हिसिंगपेक्षा जास्त येतो. खत हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्याच्या सान्निध्यात पत्रा लवकर गंजतो. शक्य तर गाडी कोब्यावर, मोकळ्या बाजूंच्या छपराखाली उभी करावी. मातीच्या किंवा सारवलेल्या जमिनीतून चार महिने ओल वर येत राहते. प्लास्टिकचे आवरण घालू नये, आत बाष्प कोंडते. छप्पर असेल तर पातळ सुती चादर पुरते. गाडीतली पायपुसणी काढून घरात ठेवावीत, आणि उंदीर शिरणार नाही एवढीच, बोटभरापेक्षा कमी, फट काचेला ठेवावी. माडाखाली गाडी ठेवू नये हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही, पण फणसाखाली आणि आंब्याखाली ठेवलेल्या गाड्या मी दरवर्षी पाहतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने साचली की पाण्याची वाट बंद होते आणि ते गाडीच्या आत उतरते.

मे महिन्यात मुलांच्या आग्रहाखातर गाडी किनाऱ्यावर वाळूत नेली असेल, तर उभी करण्यापूर्वी ती खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवावी आणि दोन दिवस उन्हात पूर्ण वाळू द्यावी. वाळूतले मीठ सस्पेन्शनच्या सांध्यांत आणि ब्रेक पाइपच्या क्लिपांत राहते आणि पावसाळी हवेत ओल धरून पत्रा खात बसते.

टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही ओलावा ओढते, म्हणून हे पूर्वीपेक्षा महत्त्वाचे झाले आहे. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरावी. टायरच्या बाजूवरच्या चार अंकी आकड्यातले पहिले दोन अंक टायर बनल्याचा आठवडा व शेवटचे दोन अंक वर्ष सांगतात. तिथे १७ असेल, तर नक्षी कितीही शाबूत असली तरी रबराचे वय झालेले आहे आणि टायर बदलायला हवेत. कूलंट कमी असेल, तर विहिरीचे पाणी घालू नये, पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घालावे.

आता गणपतीआधीची तपासणी. ती चतुर्थीच्या निदान आठवडाभर आधी व्हावी, कारण शेवटच्या तीन दिवसांत आम्हा कोणाकडेच वेळ उरत नाही. बॅटरी जोडण्यापूर्वी बोनेट उघडून वायरी, एअर फिल्टरचा डबा आणि केबिनचा फिल्टर पाहावा. इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी, गाडीखाली कसला डाग आहे का ते बघावे. मग बॅटरी जोडून, चावी ‘ऑन’वर काही क्षण ठेवून इंजिन सुरू करावे आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावू नये. पहिल्या किलोमीटरभर सपाट रस्त्यावर हळू वेगात पाच-सहा वेळा ब्रेक दाबावेत. डिस्कवर आलेला तांबूस गंज पुसला जातो तेव्हा थोडा खरखर आवाज येतो आणि लवकरच थांबतो. तो थांबला नाही, गाडी एका बाजूला ओढली, किंवा पेडल मऊ लागले, तर पाहुण्यांना आणायला निघण्यापूर्वी चाके उघडून पाहावीत. परत येताना हवा नेहमीच्या दाबावर आणावी आणि एसी दहा मिनिटे चालवावा.

आपल्या बाबतीत चौदा महिने आधीच उलटले आहेत, त्यामुळे याच आठवड्यात ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल करून घ्यावे, एअर फिल्टर झटकून पाहावा, आणि पुढच्या वर्षीपासून मेअखेर हीच वर्षाची तारीख धरावी. पीयूसी आणि विम्याच्या तारखाही त्याच वेळी पाहून ठेवाव्यात, कारण त्या पावसाळ्यात संपल्या तर गणपतीच्या गर्दीत लक्षात येतात. पुतण्याला रविवारचे काम थांबवायला सांगताना त्याने आजवर घेतलेल्या काळजीबद्दल आवर्जून आभार माना आणि त्याऐवजी आठवड्यातून एकदा बोनेट उघडून उंदरांचा माग पाहण्याचे काम त्याच्याकडे द्या. त्याचा गाडीला खरा उपयोग होईल. निघण्याच्या दिवशी एका कागदावर ‘बॅटरी सोडलेली आहे, हँडब्रेक लावलेला नाही, गाडी गिअरमध्ये आहे, चाकांना ठोकळे आहेत’ एवढे मोठ्या अक्षरांत लिहून, खाली ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर घालून, तो कागद स्टिअरिंगला बांधून ठेवा.